टाळ्या पडल्या, पण तळ्याचं काय?

एका गावात एकच तळं होतं. प्यायला तेच, गुरांना तेच आणि पोरांना डुंबायलाही तेच. त्या गावची रीत मोठी गमतीची होती. तळ्याबद्दल काहीही ठरवायचं झालं, की ते चौदा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींनी ठरवायचं. का, तर त्या तळ्याचं पाणी सगळ्यांत जास्त दिवस तेच पिणार! त्या दिवशी मोठ्यांनी घरात बसायचं आणि ‘हे करा, ते करू नका’ असं अवाक्षरही काढायचं नाही. मोठ्यांना हे किती जड जात असेल, ते तुम्हीच बघा.

एकदा तिथे एक गोडबोल्या व्यापारी आला. तळं बुजवून त्या जागी बाजारपेठ उभारायची, असा त्याचा बेत. पारावर चढून तो असं काही बोलला, असं काही बोलला, की पोरं पार भारावून गेली. सगळ्यांत जोरात टाळ्या पिटल्या त्या तानी नावाच्या मुलीनं. आता जेवून परत यायचं आणि हात वर करून होकार द्यायचा, एवढंच राहिलं होतं. तानी घरी न जाता धावत गुरुजींच्या ओसरीवर गेली.

गावातल्या प्रत्येक पोराचा हात धरून गुरुजींनी अक्षर गिरवून घेतलेलं. तळं जाणार या धास्तीनं त्यांना सकाळपासून घास उतरत नव्हता. पण रीत म्हणजे रीत. मत द्यायला बंदी होती, विचारायला नव्हती.

“काय म्हणाला गं पाहुणा?”

“गुरुजी, आमच्या डोळ्यांत त्याला उद्याचा सूर्य दिसतो म्हणाला.”

“वा! आणि तळ्याचं?”

“आम्ही वाघाची पिल्लं आहोत म्हणाला.”

“असाल हो, असाल. आणि तळ्याचं?”

तानीनं सगळं भाषण आठवून पाहिलं. त्यात सूर्य होता, वाघ होते, मोठमोठ्या शहरांची नावं होती. पाण्याबद्दल एक शब्द नव्हता. तिला स्वतःचाच राग आला, डोळे भरून आले.

गुरुजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. भाषण आवडलं तर आवडू दे, त्यात काही पाप नाही, म्हणाले. फक्त हात वर करण्याआधी ते आपल्या शब्दांत कुणाला तरी सांगून बघावं.

पोरं पुन्हा जमली, तेव्हा तानीनं उभं राहून विचारलं, की तळं बुजवल्यावर पाणी कुठून आणायचं? व्यापारी खुलून हसला. अशा हुशार लेकीच गावाचं नाव काढतात, असं म्हणून त्यानं तिच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. तानी लाजली. खरं सांगायचं तर मनातून सुखावलीसुद्धा. पण खाली बसली नाही.

“काका, कौतुक पोचलं. पाण्याचं तेवढं राहिलं.”

मग काय, बाकीच्या पोरांनाही कंठ फुटला. गुरं कुठं न्यायची? विहीर कोण खोदणार? व्यापाऱ्यानं घाम पुसला आणि विचार करून सांगतो म्हणाला. एकही हात वर गेला नाही. पाहुणा तो पाहुणाच, म्हणून पोरांनी त्याला जेवू घालून वेशीपर्यंत पोचवलं.

दुसऱ्या दिवशी गुरुजींचा आनंद पोटात मावेना. आता ते पारावर चढले. तळं आपली माय आहे, तुम्ही तिची रत्नं आहात, तिच्यासाठी मी प्राण देईन, असं बरंच बोलले. स्वतः रडले, पोरांनाही रडवलं. टाळ्या पडणार, तोच तानी उठली.

“गुरुजी, फार छान बोललात. पण तळ्यात गाळ साचलाय, तो कधी काढायचा ते सांगितलंच नाहीत.”

बाकीची पोरं तिचा हात ओढून तिला खाली बसवायला लागली. आपल्याच गुरुजींना असं विचारायचं? गुरुजी क्षणभर ओशाळले. मग पोट धरून हसले, खाली उतरले, धोतर खोचलं आणि शेजारच्या घरातून एक घमेलं मागून घेतलं.

“आत्ताच चला,” ते म्हणाले. “आणि पोरी, माझं शिकवणं आज फळाला आलं.”

तात्पर्य: परक्याच्या गोड भाषणाला प्रश्न विचारणं सोपं असतं. आपल्या लाडक्या माणसालाही तोच प्रश्न विचारता आला, की समजावं, आपण ऐकायला शिकलो.