वाटीतलं तपकिरी मेयोनीज

अंजाबाईची तक्रार एकच होती, की तिच्यावर कुणी विश्वासच ठेवला नाही. आणि ती तक्रार खरी होती.

गुळाचे व्यापारी दत्ताजीशेट यांच्या घरी ती स्वयंपाकाला होती. शेटना साखरेचा आजार. पायाच्या अंगठ्याची जखम महिनाभर भरत नव्हती. डॉक्टरांनी भात, भाकरी, गूळ सगळं तोडलं. अंडी, काकडी, तेल चालेल म्हणाले. मग अंजाबाईने मेयोनीज शिकून घेतलं. अंड्याच्या बलकात मोहरीची पूड आणि लिंबू घालायचं, थेंब थेंब तेल सोडायचं आणि रवीने घुसळत राहायचं. घाई केली की ते फाटतं. तिचं कधी फाटलं नाही.

त्या घरची रीत अशी, की स्वयंपाकिणीने चूल सोडायची नाही. पान वाढायचं ते घरच्याच बाईने. म्हणून वाटी बाहेर न्यायची ती शेटची म्हातारी भागूआत्या.

पंधरा दिवसांनी साखर उतरायची सोडून चढली. डॉक्टर जेवणाच्या वेळीच घरी आले. वाटीत बोट घालून त्यांनी चाखलं.

"हे तर गोड आहे. असंच चाललं तर अंगठा कापावा लागेल."

शेट म्हणाले, "अंजाच घालत असणार साखर. उद्यापासून येऊ नकोस गं."

"मी साखरेला हात लावला नाही."

"मग काय आपोआप गोड झालं?"

अंजाबाई रडली नाही. अंडी, तेल, रवी घेऊन ती थेट शेटच्या पानासमोर येऊन बसली आणि सगळ्यांदेखत घुसळायला लागली. झालं ते फिकट पिवळं आणि आंबट. वाटीतलं होतं तपकिरी.

"हे माझं. ते कुणाचं, ते तुम्ही सांगा."

भागूआत्या लगेच म्हणाली, "अगं, त्यात पळीभर काकवी मी घालते. नुसतं आंबट लेकराच्या घशाखाली कसं उतरायचं?"

डॉक्टर आत्यावर उखडले. अंजाबाईने त्यांना अडवलं.

"त्या म्हातारीला काय बोलता? शेट, तुमचा जन्म गेला गुळात. काकवीची चव तुम्हाला ओळखू आली नाही होय?"

शेटनी मान खाली घातली. "पहिल्याच दिवशी ओळखली."

"मग बोलला का नाही?"

"बोललो असतो तर बंद झाली असती."

तात्पर्य: मायेपोटी चुकणाऱ्याला समजावता येतं, पण सगळं ठाऊक असून जो गप्प बसतो आणि आपलं पाप कष्टकऱ्याच्या माथी मारतो, खरा दोषी तोच. त्या घरात तो होता दत्ताजीशेट.