काळ्या दगडावरचे उत्तर

फार पूर्वी शोणपूर नगरात सुयाम राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व मणिकारांच्या कुळात जन्मले होते. मणिकारांचे काम म्हणजे गारगोटीला बारीक भोक पाडून मणी करणे. त्या भोकाकडे बघता बघता साठीच्या आत डोळे जात. म्हणून त्यांच्या श्रेणीने, म्हणजे कारागिरांच्या संघाने, एक रीत घातली होती. हात चालतोय तोवर प्रत्येकाने दर सुगीला एक पोते साळ सामाईक कोठारात टाकायची आणि डोळे गेले की मरेपर्यंत त्याच कोठारातून जेवायचे.

कोठारावर पाच विश्वस्त असत. विश्वस्तही माणसेच, म्हणून पूर्वजांनी आणखी एक रीत घातली. कोठाराच्या दारासमोर एक काळा दगड होता. कोठारातून जेवणाऱ्यांत जो सर्वांत वयस्कर, त्याला तिथे बसवायचे आणि विश्वस्तांनी आपला निर्णय त्याला ऐकवायचा. त्याने तो आपल्या शब्दांत परत सांगितला, तरच निर्णय पक्का.

त्या काळी दगडावर भद्दिक आजोबा बसत. विश्वस्त कानाशी बोलत, आजोबा मान हलवत, म्हणत, "असू द्या, असू द्या." परत सांगण्याचा आग्रह कोणी धरत नसे. एवढ्या वृद्धाची परीक्षा घेणे बरे दिसत नाही, असे सगळे म्हणत. गैरसोयीची रीत मोडायची असली की माणसाला आदर फार आठवतो.

त्या वर्षी बोधिसत्त्व पाचवे विश्वस्त झाले. वैशाखात मुख्य विश्वस्त महासेन म्हणाला, "माझा जावई असंग व्यापाराची नाव घेऊन समुद्रापलीकडच्या द्वीपाला निघालाय. अर्धी साळ त्याला देऊ. कार्तिकात दीडपट आणून भरील."

तिघांनी माना डोलावल्या. बोधिसत्त्वांनी नाही डोलावली. महासेन त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तुझे मणीही त्याच नावेतून जातील, बाबा. भाडं नको."

बोधिसत्त्वांच्या घरी दोन वर्षांचे मणी पडून होते. ते एवढेच म्हणाले, "दगडापाशी जाऊ."

महासेनाने आजोबांच्या कानात सांगितले. आजोबा म्हणाले, "असू द्या, असू द्या." सगळे वळले. बोधिसत्त्व मात्र आजोबांसमोर उकिडवे बसले. त्यांनी आजोबांचा हात धरून आधी कोठाराकडे वळवला, मग त्यांच्याच ओठांवर ठेवला.

आजोबा हसले. "मी काय सांगणार? अकरा पावसाळे झाले, मला ऐकू येत नाही. तुम्ही मोठी माणसं. तुमचा श्वास कानाला लागतो, मी मान हलवतो."

कोणी हसले नाही.

"मला हे ठाऊक होतं," बोधिसत्त्व म्हणाले. "विश्वस्त होण्याआधी मीही इथेच उभा राहायचो आणि गप्प घरी जायचो. तो दोष माझा. आजचा निर्णय ज्याला ऐकू येतं त्याला सांगू."

भद्दिकांच्या खालोखाल वयाची कण्हिका आजी. जन्मभर मण्यांना झिलई देऊन तिचे डोळे गेले होते, कान मात्र शाबूत होते. तिने ऐकले आणि परत सांगितले, "अर्धी साळ नावेत जाणार. नाव तुझ्या जावयाची. आली तर दीडपट. बुडाली तर काय, हे तू बोलला नाहीस. कार्तिकापर्यंत आम्ही सदतीस जणांनी काय खायचं, हेही बोलला नाहीस. जे तू सांगितलंच नाहीस महासेना, ते मी परत कसं सांगू?"

निर्णय बारगळला. असंगाने दुसरीकडून साळ घेतली आणि तो गेला.

ऐकणाऱ्याला आता वाटेल, नाव बुडाली असेल. नाही बुडाली. कार्तिकात ती धान्याने भरून परत आली. महासेन दारोदार सांगत फिरला, "याच्या शहाणपणापायी कोठारात उंदीर तेवढे जाडे झाले." लोकही बोधिसत्त्वांना टोमणे मारू लागले. त्यांचे मणी तसेच पडून होते.

बोधिसत्त्व म्हणाले, "नाव येईल हे मला माहीत नव्हतं, तसं तुम्हालाही नव्हतं. आली, चांगलं झालं. पण जी साळ पणाला लावायची ती आपली नव्हती, आणि ज्यांची होती त्यांच्या वतीने बसलेल्या आजीने होकार दिला नाही."

पुढे पुष्कळ वर्षे गेली. महासेनाचेही डोळे गेले आणि एक दिवस काळ्या दगडावर बसायची पाळी त्याच्यावर आली. नवे विश्वस्त मोठ्या नफ्याची गोष्ट घेऊन आले आणि भराभर सांगून मोकळे झाले. महासेनाने दोन्ही हातांनी दगड चाचपला.

"पुन्हा सांगा," तो म्हणाला. "हळू. आणि नाव कोणाच्या जावयाची, ते आधी."

भिक्षूंना ही गोष्ट सांगणारे शास्ते एवढे सांगून थांबले. मग म्हणाले, "भिक्षूहो, तेव्हाचा महासेन म्हणजे आज आपल्या विहारातली चीवरे, म्हणजे भिक्षूंची वस्त्रे, सांभाळणारा भांडारी. कण्हिका म्हणजे काल त्याला हिशोब विचारणारी भिक्षुणी. भद्दिक म्हणजे मघापासून शेवटच्या रांगेत मान डोलावणारे आपले वृद्ध स्थविर. आणि पाचवा विश्वस्त मी स्वतः. दुसऱ्याच्या म्हातारपणाची ठेव हाती असताना जागे राहणे आणि आपल्यालाही कोणी विचारावे अशी वाट मोकळी ठेवणे, हाच अप्रमाद."