जीपमधली तार

पान्हे आणि पकडी माणसांसारखं बोलत, त्या काळी घाटातल्या रावजी खोताच्या जीपमध्ये एक तार राहत असे. सायलेन्सर लोंबू लागला, दार निखळलं, की रावजी घरीच ती तार गुंडाळी आणि जीप पुन्हा चाले. तारेला त्याचा मोठा तोरा होता.

दसऱ्याला जीप धुताना ब्रेकची नळी चिरलेली दिसली. गॅरेजवाल्याची हत्यारं पूजेला मांडलेली, तो उद्याशिवाय त्यांना हात लावणार नव्हता. लेकीला तर आजच सासरी पोचवायचं होतं. रावजीने चिरेवर ट्यूबची पट्टी बांधली, वरून तार आवळली आणि जीपला झेंडूचा हार घातला.

नळी कळवळून म्हणाली, "अगं, तू सुटून पड. म्हणजे तो उद्यापर्यंत थांबेल."

"मी आजवर काही सुटू दिलेलं नाही," तार म्हणाली.

"दार सुटलं तर एकटं दार पडतं. माझं तसं नाही गं."

तार हसली आणि आणखी घट्ट बसली.

उतारावर पट्टीखालून सगळं ब्रेक ऑइल गळून गेलं. वळणावर ब्रेक लागलाच नाही.

दरीत सगळं थांबल्यावर तार म्हणाली, "बघ, मी अजून सोडलेलं नाही."

रावजी लेकीला हाका मारत होता, आणि लेक ओ देत नव्हती.