हलक्या ओझ्याची टेकणी

देवाशपथ सांगतो, ही गोष्ट अक्षरशः खरी आहे. घडली तेव्हा मी तिथेच उभा होतो. आता, त्या घाटात त्या बाईखेरीज चिटपाखरू नव्हतं असं मी पुढे सांगणार आहे. तेव्हा मी नेमका कुठे उभा होतो, हे कृपा करून विचारू नका.

एकदा एक वास्तुविशारद बाई घाटमाथ्यावरच्या मठात गुरूंना प्रश्न विचारायला घाट चढत होती. प्रश्न साधा होता: नवा लॅपटॉप ठेवावा की परत करावा? जुना होता वरवंट्यासारखा जड. तो एका बांधकामावरून दुसऱ्या बांधकामावर वाहून तिचा उजवा खांदा कामातून गेला होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, ओझं कमी करा, नाहीतर हात वर जायचा बंद होईल.

तेव्हा दुकानदाराने हा नवा पुढे केला. "उचलून बघा मॅडम. काही उचललंय असं वाटलं तर नाव बदलीन."

किंमत ऐकून मात्र बाईचा खांदा न उचलताच दुखला. "वापरून बघा हो," तो म्हणाला, "नाही पटला तर उद्या आणून द्या."

खांदा दुखायचा थांबला, हे खरं. पण दुसरंच काहीतरी टोचू लागलं. तिची आई ऑपरेशन होऊन नुकतीच घरी आली होती. ही तिच्या उशाशी बसून, मांडीवर ते पातळ पान उघडून, कुणाच्या तरी जिन्याच्या पायऱ्या दुरुस्त करत होती. बराच वेळ गेला. आईने डोळे उघडले, सरळ हिच्याकडे पाहिलं, आणि दारातल्या शेजारणीला विचारलं, "ती आली नाही का गं अजून?"

त्या घाटाने पूर्वी कोकणातलं मीठ वर जायचं. अर्ध्या वाटेवर कमरेइतका उंच दगड आहे. त्याला टेकणी म्हणतात. हमालाने न वाकता पाठीवरची गोण त्यावर टेकवायची, दम खायचा, मग पुढे निघायचं. रीत अशी, की रिकाम्या हाताच्या माणसानेही तिथे क्षणभर पाठ टेकावी. म्हणे, एका केशराच्या व्यापाऱ्याने ती रीत मोडली. "माझं ओझं फुलासारखं. टेकवू काय?" म्हणून तो हसत पुढे गेला. तो वर पोहोचल्याचं कुणी पाहिलं नाही. खाली परतल्याचंही नाही.

बाई टेकणीपाशी आली तेव्हा तिन्हीसांज होत आली होती. खांद्यावर पिशवी आहे हेही तिच्या ध्यानात नव्हतं. टेकवण्यासारखं होतंच काय? ती न थांबता पुढे गेली.

जरा वेळाने मागून पावलं वाजली. तिने वळून पाहिलं. वाट रिकामी. ती थांबली की पावलं थांबत. पण एक पाऊल उशिरा. वळणावर केशराचा मंद वास आला, आणि वळणापलीकडे तोच दगड उभा होता.

वाट चुकलो, असं समजून ती पुन्हा निघाली. करवंदीची जाळी, सुकलेला ओहोळ, वळण, आणि पुन्हा टेकणी. घाम नाही, धाप नाही, पायांना कळ नाही. त्याचंच तिला भय वाटलं. आपण चाललो, याची तिच्या शरीराला खबरच नव्हती. तिला चकवा लागला होता.

पुढच्या फेरीला दगडावर तिचे गुरू बसलेले दिसले. पायाशी वरवंटा.

"आबा! कधीची चालतेय मी!"

"ऐकतोय ना. दोघांची पावलं."

"दुसरं कोण?"

आबांनी वरवंटा उचलून तिच्या पिशवीत घातला.

"अहो आबा, माझा खांदा! घाटात काय चटणी वाटायचीय?"

"तोंड कमी चालव, पाय चालव."

ती तणतणत निघाली. पट्टा खांद्यात रुतला. करवंदीपाशी धाप लागली, ओहोळापाशी डोळ्यांत पाणी आलं. वळणापलीकडे टेकणी दिसताच तिने पाठ फिरवली, पिशवी दगडावर टेकवली आणि "आई गं!" म्हणून श्वास सोडला.

मागची पावलं तिच्या शेजारून पुढे निघून गेली. लगबगीने. वर.

तिने मान उचलली. उरलेली अर्धी वाट जणू सरली होती; मठाचा दिवा हाकेच्या अंतरावर होता. ओट्यावर आबा वाती वळत बसले होते.

"तुम्ही एवढ्यात वर कसे आलात?"

"मी? या गुडघ्यांनी? पावसाळ्यापासून ओटा उतरलो नाही, पोरी." त्यांच्यामागे पाटा होता. वरवंट्याची जागा रिकामी होती.

तिने प्रश्न विचारला, आईचं बोलणंही सांगितलं. आबा म्हणाले, "ठेव तो लॅपटॉप. खांदा मोडून घेणं ही काही तपश्चर्या नव्हे. रोज वाहणाऱ्याला हलकं ओझं महाग पडत नाही. पण जुना तुझं एक काम मुकाट्याने करायचा. घरी आलीस की खांदा म्हणायचा, ठेव खाली. तू ठेवायचीस, आणि आईला दिसायचीस. दुकानदाराने वजन काढलं, त्याबरोबर 'ठेव' म्हणणाराही गेला. आता ते तुझं तुला म्हणावं लागेल. जमलं, तर किंमत रास्त. नाही जमलं, तर फुकट मिळाला तरी परवडायचा नाही."

"आणि तो पुढे गेला, तो?"

"त्याला 'ठेव' असं कधी कुणी म्हटलंच नाही."

दुसऱ्या दिवशी ती आईकडे गेली. पिशवी उंबऱ्याबाहेरच्या कोनाड्यात ठेवली आणि आत आली. आईने डोळे न उघडताच विचारलं, "आलीस?"

आता कबुली देतो. घाट, केशरवाला आणि वरवंटा ही माझ्या पदरची भर. 'नाही पटला तर आणून द्या' म्हणणारा दुकानदार तर मीही अजून पाहिलेला नाही. आईचा तो पहिला प्रश्न मात्र मी रचलेला नाही. खोटं वाटत असेल, तर आज खांद्यावरची पिशवी न उतरवता कुणाच्या तरी उशाशी बसून बघा.