बुडालेली वाटी

एका गडाच्या पायथ्याला एक गाव होतं, आणि त्या गावाला वेळ सांगायचं काम सटवाजी नावाच्या माणसाकडे होतं.

गडाच्या खालच्या दरवाजापाशी तो बसायचा. त्याच्यासमोर पाण्यानं भरलेलं तांब्याचं मोठं घंगाळ असायचं. पाण्यावर एक तांब्याची वाटी तरंगायची. वाटीच्या बुडाला सुईच्या टोकाएवढं भोक होतं. त्यातून पाणी हळूहळू आत यायचं, वाटी भरायची आणि बुडायची. वाटी बुडाली की एक घटका झाली. मग सटवाजी काशाच्या जाड थाळीवर टोला द्यायचा. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत असे तीस टोले. त्या टोल्यांवर बाजार उघडायचा, शाळा सुटायची, गडाचे पहारे बदलायचे. तीस वर्षांत सटवाजीचा एक टोला चुकला नाही.

मग एका परदेशी व्यापाऱ्यानं राजाला घड्याळ नजर केलं. त्यात चाकं होती, काटे होते, आणि ते आपलं आपण चालायचं. राजा खूश झाला. घड्याळाला रोज किल्ली द्यायला आणि टोले मारायला विसाजी नावाचा नवा माणूस नेमला गेला. कारभाऱ्यानं सटवाजीला बोलावून हातावर नारळ ठेवला, खांद्यावर शेला घातला.

"तुझं काही चुकलं नाही, सटवाजी," कारभारी म्हणाला. "पण आता तुझं काम उरलं नाही. ते घंगाळ आणि वाटी घरी घेऊन जा. इथं अडचण होते."

काही चुकलं असतं तर सटवाजीला बरं वाटलं असतं. चूक सुधारता येते. ज्याचं काही चुकलंच नाही त्यानं काय सुधारावं?

घरी येऊन त्यानं पडवीत घंगाळ ठेवलं, पाणी भरलं आणि सवयीनं वाटी तरंगत सोडली. वाटी भरली, बुडाली. सटवाजीचा हात टोला द्यायला वर गेला. समोर भिंत होती. त्यानं हात खाली घेतला आणि वाटी तशीच तळाशी राहू दिली.

त्यानंतर तो घराबाहेर पडेना. एकदा पडला तर कोपऱ्यावरच्या पानवाल्यानं हाक मारली, "काय सटवाजी, किती घटका झाल्या?" पानवाल्यानं ते सहज विचारलं की टोमणा मारला, देव जाणे. पण सटवाजी अर्ध्या वाटेतून माघारी आला. गडावरून टोला ऐकू आला की तो भिंतीकडे तोंड करायचा. दिवसातून तीस वेळा.

त्याची बायको भागू दुसऱ्यांच्या घरची दळणं दळू लागली.  एकदा ती म्हणाली, "अहो, ती वाटी काढू का? पाण्यात हिरवी पडायला लागली."

"राहू दे," सटवाजी म्हणाला. "तिची घटका भरली."

असा महिना गेला.

एके दिवशी रंगारी आळीतली गयाबाई आली. ही म्हातारी विधवा बाई लाल लुगडी रंगवायची. तिच्या रंगाला चार गावांत नाव होतं. तिची जीभ मात्र तिखट.

"भागू, तुमचं घंगाळ दे चार दिवस," ती म्हणाली. "माझं गळतंय." आणि उत्तराची वाट न पाहता तिनं पाण्यात हात घातला. "अगं बाई! हे काय बुडवून ठेवलंय?" तिनं वाटी वर काढली, पाणी ओतलं, डोळ्यांजवळ नेऊन चाचपली. "भोकाची वाटी! फेकून द्या की."

पडवीच्या कोपऱ्यातून सटवाजी बोलला, "त्या भोकावर सगळं गाव चालायचं, गयाबाई."

"असं? मग बुडाली की काय करायचात?"

"काय करणार? उचलायचो. पाणी ओतायचो. पुन्हा ठेवायचो."

"दिवसातून किती वेळा?"

"तीस वेळा."

"तीस वेळा!" गयाबाईनं कमरेवर हात ठेवले. "आणि तुम्ही आयुष्यात एकदा बुडालात तर महिना झाला तळाशी बसून आहात?"

भागूनं पदर तोंडाला लावला. ती हसत होती की रडत होती ते तिलाच ठाऊक.

 सटवाजी वाटीकडे बघत राहिला. मग स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "तीस वर्षं मी बुडणंच मोजलं. उचलणं कधी मोजलंच नाही."

"ते आता मोजा," गयाबाई म्हणाली. तिचा आवाज थोडा उतरला. "खरं सांगू का भाऊ, माझे डोळे गेलेत. लाल रंगाला कढईत तीन घटका लागतात. कमी पडल्या तर लुगडं फिकट, जास्त झाल्या तर काळपट. आजवर नुसतं बघून काढायची. आता दिसत नाही. गेल्या हप्त्यात चार लुगडी काळी केली आणि गिऱ्हाइकाला खोटं सांगितलं, की माल वाईट होता. तुम्ही माझ्या कढईशी बसा. जोंधळे देईन, दोघांना पुरतील एवढे."

दुसऱ्या दिवशी उजाडताच सटवाजी रंगारी आळीत जाऊन बसला. भागूनं चिंचेनं घासून वाटी लखलखीत केली होती. पहिली घटका भरली, वाटी बुडाली, आणि त्याचा हात पुन्हा आपोआप वर गेला. गयाबाईला डोळ्यांनी दिसत नसलं तरी ते कळलं. तिनं एक तडा गेलेली पितळी परात त्याच्यापुढे सरकवली.

"हाणा हिला."

सटवाजीनं हाणली. भद्द असा आवाज झाला. कढईखालची मांजर पळाली. सटवाजी हसला. महिन्याभरात पहिल्यांदा.

तेव्हापासून त्यानं एक नेम धरला. वाटी बुडाली की ती उचलायची, कपाळाला लावायची, मगच ओतायची. तो कुणाचे आभार मानायचा ते त्यानं सांगितलं नाही. गयाबाईची लुगडी पुन्हा लालभडक निघू लागली.

पण मनाची जखम एकदम भरून येत नाही. गडावरचा टोला ऐकला की सटवाजी अजून तोंड फिरवायचा. परातीला काशाचा नाद कुठला!

असे पंधरा दिवस झाले. त्या दिवशी सूर्य उगवताना तेवढा दिसला, आणि मग दाट ढगाआड गेला. दुपारी भागू भाकरी घेऊन आली होती. तेवढ्यात आळीच्या तोंडातून एक माणूस धावत आला. तो विसाजी होता, घड्याळाचा नवा माणूस. त्याचं पागोटं सुटलं होतं.

"सटवाजीकाका," तो धापा टाकत म्हणाला, "रात्री किल्ली द्यायची राहिली. आता बघतो तर घड्याळ बंद. थांबून किती वेळ झाला कळत नाही. ऊनही नाही. मध्यान्हीच्या टोल्यावर दरबार भरतो. तो टोला चुकला तर माझं काम गेलं. किती वेळ झाला, सांगा."

सटवाजीसमोर वाटी तरंगत होती. सकाळपासूनच्या सगळ्या घटका त्याच्या बोटांवर होत्या.

भागूनं नवऱ्याचा बाहू धरला आणि त्याला बाजूला ओढलं. "अहो, गप्प बसा," ती हलक्या आवाजात म्हणाली. "देवानं दिवस दाखवलाय. आज टोला चुकू दे, उद्या तुम्हाला गडावरून बोलावणं येईल. माझे हात बघा, जात्यानं काय झालेत ते."

सटवाजीनं तिचे हात पाहिले. तळव्यांना घट्टे पडले होते. त्याला गडाचा दरवाजा आठवला, काशाचा तो लांबवर जाणारा नाद आठवला. एक शब्द न बोलता ते सगळं परत मिळत होतं.

मग त्यानं विसाजीचे हात पाहिले. ते मागण्यासाठी पुढे पसरले होते. नारळ घेताना सटवाजीनंही आपले हात असेच पसरले होते.

"भागू," तो हळूच म्हणाला, "गयाबाईनं वाटी उचलली नसती तर?"

 भागूनं त्याचा बाहू सोडला.

सटवाजी वळला. "चौदा घटका पुऱ्या झाल्या, विसाजी. पंधरावी अर्धी भरत आली आहे. ही बुडाली की मध्यान्ह. आडवाटेनं धावलास तर बरोबर तेवढ्या वेळात पोचशील. पोचताच टोला दे, मग घड्याळाला किल्ली दे. आणि बाबा, पागोटं बांध, नाहीतर पाय अडकून पडशील."

विसाजी त्याच्या पाया पडायला वाकला.

"पळ रे!" गयाबाई ओरडली. "पाया उद्या पड!"

विसाजी पळाला. मग ते तिघं वाटीकडे बघत बसले. वाटी भरत चालली. काठाशी पाणी आलं. वाटी एका अंगाला कलली आणि बुडाली.

त्याच क्षणी गडावरून टोला आला. घणघणीत, गोल, सगळ्या गावावर पसरत गेलेला.

सटवाजीनं या वेळी तोंड फिरवलं नाही. तो नाद पुरता विरेपर्यंत त्यानं ऐकला. मग परातीवर आपला भद्द टोला दिला.  भागूनं पाण्यात हात घातला, वाटी उचलली, आपल्याच कपाळाला लावली आणि रिकामी करून पुन्हा पाण्यावर सोडली.

"झालं का देवदर्शन?" गयाबाई म्हणाली. "माझ्या लुगड्याच्या तीन घटका झाल्या. काढा लवकर!"

ही गोष्ट गडावर कुणाला कळली नाही. शेला आला नाही, बोलावणंही आलं नाही. पण विसाजी तेव्हापासून रोज सकाळी रंगारी आळीवरून जायचा आणि सटवाजी त्याला विचारायचा, "किल्ली दिलीस का रे?" विसाजीनं ही गोष्ट आळीत सगळ्यांना सांगितली. वर्षभरात आळीतल्या साऱ्या कढया सटवाजीच्या परातीच्या टोल्यावर उतरू लागल्या. भागूचं जातं फक्त घरच्या पिठापुरतं फिरू लागलं. रंगाऱ्यांनी मिळून त्याला काशाची नवी थाळी आणून दिली. सटवाजीनं ती हात जोडून घेतली आणि भिंतीला टांगली. टोला मात्र तो शेवटपर्यंत तडा गेलेल्या परातीवरच देत राहिला.

तात्पर्य: हातचं काम गेलं म्हणून माणूस सरत नाही, बुडालेली वाटी उचलून रिकामी केली की पुन्हा तरंगते. आणि ज्या हातानं आपल्याला उचललं त्याचे उपकार फेडायचे असतील, तर दुसरा बुडताना दिसला की आपला हात पुढे करावा.