तांबूचा नकार

“मग दुसरा कुत्रा आणू का, बुवा?”

धोंडीबुवा मठाच्या ओसरीवर वाती वळत बसले होते. समोर त्यांचा जुना शिष्य, मुकुंद परुळेकर. गावात त्यांना पेटीमास्तर म्हणत. डावा हात गळ्यात बांधलेला. पायाशी तांबू, एक तांबूस गावठी कुत्रा, पुढचा पाय उचलून धरून बसलेला.

“याला काय झालं?”

“ऐकतो.”

“मग?”

“सांगेन ते सगळं ऐकतो... तीच तक्रार आहे.”

बुवांनी हातातली वात खाली ठेवली.

मास्तरांची दृष्टी तिशीतच गेली होती. पण कुणी हात धरलेला त्यांना खपत नसे. त्यांचा मेव्हणा सैन्यात कुत्र्यांच्या तुकडीत होता. दर सुट्टीला येऊन त्यानं घरच्याच या पिल्लाला शिकवलं. पायरी आली की थांबायचं, खड्डा आला की वळायचं, आणि पुढं धोका असेल तर धनी कितीही म्हणाला तरी पाऊल टाकायचं नाही. जाताना तो बजावून गेला होता, “भावोजी, हा अडला तर समजा पुढं काहीतरी आहे. रागावू नका.”

तीन वर्षं मास्तर एकटे गावभर हिंडले. शिकवण्या, भजनं, आठवड्याचा बाजार. लोक कौतुक करायचे. कुत्र्याचं कमी, मास्तरांचं जास्त.

“मग बिघडलं कुठं?”

मास्तर तांबूच्या पट्ट्याची गाठ चाचपत राहिले.

“मुकुंदा, इतक्या लांब आलास ते गप्प बसायला?”

तेव्हा त्यांनी सांगितलं. माघात पलीकडच्या वाडीत भजनांची स्पर्धा होती आणि मास्तर परीक्षक होते. निघायला उशीर झालेला. वहाळ ओलांडायच्या लाकडी साकवापाशी तांबू त्यांच्या पायांत आडवा पडला. उठेना. मास्तरांनी हाका मारल्या, ओढलं, शेवटी काठी घातली. तो विव्हळला, पण हलला नाही. मास्तर घरी परतले. परीक्षकाच्या खुर्चीवर त्या दिवशी दुसराच कुणी बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानावर कुणीतरी हसत विचारलं, कुत्र्यानं सोडलं नाही वाटतं? तो कुठं अडला होता, ते मास्तरांनी कुणाला सांगितलं नाही.

त्यानंतर आठ दिवस त्यांनी तांबूला शिस्त लावली. ‘चल’ म्हटल्यावर थबकला, की काठी. पुन्हा थबकला, पुन्हा काठी.

नवव्या दिवशी दूधवाला सहज बोलून गेला, की साकवाच्या मधल्या तीन फळ्या स्पर्धेच्या आदल्या दिवशीच मोडून पडल्यात, आणि पंचायतीला अजून सवड झालेली नाही.

“तेव्हा तू काय केलंस?”

“याला मटण आणलं.”

“खाल्लं?”

“मी ‘खा’ म्हटल्यावर.”

बुवांनी तांबूकडं पाहिलं.

त्यानंतर तांबू कधी अडला नाही. मागच्या महिन्यात नळासाठी रस्ता खणून ठेवला होता. मास्तर म्हणाले, चल. तो निघाला.

“माझ्याआधी तो पडला, बुवा. त्याला खड्डा दिसत होता...”

बुवा उठले. मास्तरांच्या खांद्याला धरून त्यांनी त्यांना अंगणातून चालवत नेलं आणि एके ठिकाणी उभं केलं. तिथं अंगण संपत होतं. कठडा नव्हता. पुरुषभर खाली केळीचं परसू होतं.

“याला चल म्हण.”

समोर काय आहे, हे मास्तरांनी विचारलं नाही. बुवांची आज्ञा होती.

“चल,” ते म्हणाले.

हातातला पट्टा थरथरला. तांबूनं दुखरा पाय खाली टेकवला, आणि दुसरा पुढं टाकायला उचलला...

बुवांनी एका हातानं त्याची मान धरली. दुसरा हात मास्तरांच्या छातीवर ठेवला.

“पुढं जमीन नाही, मुकुंदा.”

मास्तर होते तिथंच खाली बसले. चाचपडत त्यांनी कुत्र्याला जवळ ओढलं. त्याच्या बरगड्यांवर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला.

“हा पट्टा रोज असाच थरथरायचा,” ते म्हणाले. “मला वाटायचं, चालायचा उत्साह आहे.”

तांबू त्यांच्या तोंडाकडं बघत होता. पुढं काय सांगतात, याची वाट बघत.

दुसरा कुत्रा आणणार नाही, असं मास्तर म्हणाले. यापुढं काठीनं वाट चाचपत आपणच पुढं चालू, हा नुसता सोबत येईल. कुणी हात धरला तर धरू देऊ. मग हळूच विचारलं,

“पण बुवा, याचं ‘नाही’ याला परत कसं देऊ?”

बुवा त्यांच्या शेजारी बसले. वयामुळं त्यांना वेळ लागला.

“माझा एक शिष्य होता. विसाजी. तुझ्या आधीचा. भर सभेत उठून म्हणाला, बुवा, तुम्ही चुकताय. मी त्याला त्याच पावली मठाबाहेर काढलं.”

“त्याचं चुकलं होतं?”

“नाही.”

“...मग परत बोलावलंत?”

“गेलो होतो. घराला कुलूप होतं.”

मठाच्या आत शिष्यांचं पाठांतर चाललं होतं, सगळे एका सुरात.

“आणि आता, बुवा?”

“आता मठात चौदा जण आहेत. मी दिवसाला रात्र म्हणालो, तर उठून दिवे लावतात.”