पाचवं प्रशस्तिपत्रक

"मग माई, यातलं मी नक्की काय व्हावं?"

ऋजुताने चार प्रशस्तिपत्रकं माईंपुढे ओळीने मांडली. दहावीच्या सुट्टीत शाळेने करिअर-ओळख शिबिर घेतलं होतं. आठवड्याला एक, अशी पाच ठिकाणं ती पाहून आली होती. उद्या अकरावीचा अर्ज. शाखा काही ठरत नव्हती. तोरा मात्र होता. प्रत्येक कागदावर 'उत्कृष्ट'!

दत्ताच्या मठातल्या माई अधिक महिन्याच्या तेहतीस वाती वळत बसल्या होत्या. त्यांनी एक कागद उचलला, पालथा घातला आणि त्यावर वाती ठेवल्या.

"अहो माई! बँकेचं आहे ते!"

"असू दे गं. मागून स्वच्छ आहे."

ऋजुताचं तोंड एवढंसं झालं.

"परक्याच्या पोरीला पाच जणांनी दार उघडलं, हाताला धरून शिकवलं. केवढी कृपा म्हणायची!" माई म्हणाल्या. "पण कागद चारच दिसतात."

"पाचवं घरीच ठेवलं. जनावरांचा दवाखाना होता तो... मैत्रिणी चिडवतात. म्हणतात, शेणाचा वास येतो तुला."

"येत होता?"

"येत होता!" ऋजुताला हसू फुटलं. "पण माई, डॉक्टरीणबाईंनी मला अडलेल्या गाईपाशी बसवलं. म्हणाल्या, मानेवरून हात फिरवत राहा, थांबू नकोस. दोन तास फिरवला. वासरू झालं, आणि गाय आधी माझाच हात चाटायला लागली..."



माईंनी गाभाऱ्याकडे पाहून हात जोडले. मग विचारलं, "सगळीकडून निघताना काय म्हणालीस?"

"थँक यू सर. थँक यू मॅडम."

"दवाखान्यातून?"

"मॅडमना थँक यूच. आणि गाईला..." ती अडखळली. "गाईला म्हटलं, येते हं."

माईंच्या बोटांतली वात अर्धीच राहिली.

"पद्धत म्हणून हो, माई! 'जाते' म्हणू नये ना, म्हणून."

"बँकेत नाही 'येते' म्हणालीस."



ऋजुताने खाली वाकून माईंच्या पायांवर डोकं ठेवलं. ते लवकर उचलवेना.

माईंनी तिच्या पाठीवर हात फिरवला.

"ऊठ, बाई. ती गाय वाट बघत असेल."